सोनोग्राफीतले आठ आठवडे आणि सुनेवरचा संशय

‘गर्भ कोणत्या दिवशी राहिला ते घरबसल्या ओळखा’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या सोलापुरातल्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहे. तो माझ्या भाचीच्या सासरी पोहोचला आणि तिचा नवरा पुण्याला नोकरीस असल्यामुळे सासूबाईंनी तिच्याकडे तारखांचा हिशोब मागितला. त्या संदेशात तीन गोष्टी ठामपणे सांगितल्या आहेत: सोनोग्राफीच्या अहवालात जितके आठवडे लिहिलेले असतात, तितकेच मागे मोजले की संबंधाचा दिवस सापडतो, प्रत्येक स्त्रीला पाळीच्या चौदाव्या दिवशीच गर्भ राहतो आणि बाकीचे दिवस निर्धोक असतात, आणि सम रात्री मुलगा, तर विषम रात्री मुलगी होते.

यातला पहिला दावा सर्वांत घातक आहे, कारण त्यामुळे निर्दोष बाई आरोपी ठरते. गरोदरपणाचे आठवडे गर्भ राहिल्यापासून मोजलेच जात नाहीत. ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले जातात. स्त्रीबीज नेमके केव्हा बाहेर पडले हे बहुतेकींना कळत नाही, पाळीची तारीख मात्र सांगता येते, म्हणून जगभर हीच पद्धत रूढ आहे. आशाताई माता-बाल संरक्षण कार्डावर हीच तारीख लिहून घेतात आणि तिच्यात २८० दिवस मिळवून प्रसूतीची अंदाजे तारीख काढली जाते. याचा अर्थ असा, की अहवालातल्या आठवड्यांपैकी पहिल्या सुमारे दोन आठवड्यांत गर्भ अस्तित्वातच नसतो.

एक हिशोब मांडून दाखवतो. समजा, एखादीची शेवटची पाळी १ जानेवारीला आली, बाहेरगावी असलेला नवरा गड्ड्याच्या यात्रेसाठी १३ ते १६ जानेवारी घरी होता आणि २६ फेब्रुवारीच्या सोनोग्राफीत आठ आठवडे आले. संदेशाप्रमाणे मागे गेले तर १ जानेवारी ही तारीख येते, त्या दिवशी नवरा घरी नव्हता, आणि लगेच कुजबुज सुरू होते. प्रत्यक्षात गर्भ राहिला तो १५ जानेवारीच्या आसपास, म्हणजे नवरा घरी असतानाच. टेस्ट ट्यूब पद्धतीत बीज फळण्याचा दिवस प्रयोगशाळेत नोंदलेला असतो, तरी तिथेही डॉक्टर त्यात दोन आठवडे मिळवूनच गरोदरपणाचे वय सांगतात. ज्यांना माझे म्हणणे पटत नसेल, त्यांनी हे कोणत्याही स्त्रीरोगतज्ज्ञाला विचारावे.

शिवाय सोनोग्राफी तारीख पाहत नाही, ती गर्भाची लांबी मोजते आणि त्या लांबीवरून वयाचा अंदाज बांधते. पहिल्या तीन महिन्यांतला हा अंदाज सर्वांत विश्वासार्ह असतो, तरीही तो पाच ते सात दिवस इकडेतिकडे होऊ शकतो. शेवटच्या तीन महिन्यांत हाच फरक तीन आठवड्यांपर्यंत जातो. संबंधाचा दिवस आणि गर्भधारणेचा दिवस एकच असतो, हेही गृहीत धरता येत नाही, कारण शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात, तर स्त्रीबीज जेमतेम एक दिवस. अशा अंदाजाच्या बळावर सुनेच्या चारित्र्याचा निवाडा करायला बसणे हा मला सरळ अन्याय वाटतो.

चौदाव्या दिवसाच्या गोष्टीत थोडे तथ्य आहे, हे मान्य करावे लागते. पाळी अठ्ठावीस दिवसांनी येत असेल, तर स्त्रीबीज साधारण त्याच सुमारास बाहेर पडते. परंतु हे दोन आठवडे पुढच्या पाळीपासून मागे मोजायचे असतात, त्यामुळे पस्तीस दिवसांनी पाळी येणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत तो दिवस एकविसाव्याच्या आसपास जातो. ॲलन विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२१ स्त्रियांचा अभ्यास करून १९९५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दाखवून दिले, की स्त्रीबीज बाहेर पडण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस, अशा सहा दिवसांतल्या संबंधांतूनच गर्भ राहिला. याच संशोधकांनी २००० साली मांडले, की हे सहाही दिवस पाळीच्या दहाव्या ते सतराव्या दिवसांतच पडतात अशा स्त्रिया केवळ तीस टक्क्यांच्या आसपास आहेत. त्यामुळे ‘बाकीचे दिवस निर्धोक’ या वाक्यावर विसंबणाऱ्या जोडप्याला नको असताना दिवस जाऊ शकतात, आणि ज्यांना मूल हवे आहे ते एकाच दिवसाची वाट पाहत महिनेच्या महिने घालवतात. मूल हवे असणाऱ्यांनी त्या सुमारास एक-दोन दिवसांआड संबंध ठेवले तरी पुरते.

सम-विषम रात्रींवर अधिक लिहिण्याची गरज नाही. मुलगा की मुलगी हे शुक्राणूतल्या गुणसूत्रावरून ठरते, आणि १९९५ च्या त्याच अभ्यासात संबंधाच्या दिवसाचा बाळाच्या लिंगाशी काहीही संबंध आढळला नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ सालीच कायदा करणाऱ्या महाराष्ट्रात मुलगा होण्याच्या रात्री सांगणारा मजकूर सुशिक्षित माणसे पुढे पाठवतात, याचा मला राग येतो.

ज्या गटात हा संदेश आला असेल, तिथे गड्ड्याच्या यात्रेचा वरचा हिशोब जसाच्या तसा टाकावा, आणि ज्या घरात सुनेला तारखा विचारल्या गेल्या असतील, तिथे विचारणाऱ्यांनी तिची माफी मागावी.