खाली रविवर्मांचं नाव आहे, म्हणून कोटी मिळत नाहीत

या आठवड्यात तीन ग्रुपांवर एकच मेसेज आला. "घरात राजा-महाराजांचं जुनं चित्र आहे? खाली रविवर्मांचं नाव आहे? मग तुम्ही कोट्यधीश आहात! त्रावणकोरच्या महाराजांचं असंच चित्र परदेशात 12 लाख डॉलरला गेलं. पण 100 वर्षांवरची वस्तू सरकार जप्त करतं, म्हणून गुपचूप बाहेर विका." चौथ्यांदा तो मामाने पाठवला आणि मागोमाग फोन: "अरे, आपल्याकडे घोड्यावरचे शिवाजी महाराज आहेत की!"

लिलाव झाला हे खरंच. 2007 मध्ये, सदबीज या लिलाव कंपनीत. त्रावणकोरचे महाराज आणि त्यांचे धाकटे बंधू मद्रासच्या गव्हर्नरचं स्वागत करताहेत, असं ते चित्र. पण "असंच" हा शब्द खोटा. ते रविवर्मांनी कॅनव्हासवर रंगवलेलं तैलचित्र होतं. मामाचं चित्र छापील.

मी भिंग घेऊन गेलो. महाराजांच्या अंगरख्यावर भिंग धरलं, तर ब्रशचा फटकारा कुठेच नाही, नुसते रंगांचे बारीक ठिपके. वर कॅनव्हाससारखी वीण दिसते, ती कागदावर दाबून उठवलेली, त्यावर वॉर्निश. हा ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखं दिसणारं छापील चित्र. 1894 मध्ये रविवर्मांनी घाटकोपरला छापखाना काढला, तो पुढे मळवलीला गेला. तिथून लक्ष्मी, सरस्वती, शिवाजी महाराज घरोघर पोचले. घरोघर पोचावेत म्हणूनच तर छापले होते! खाली नाव आहे ते चित्रकाराचं; चित्र त्यांनी स्वतः रंगवल्याचा तो दाखला नव्हे. जुन्या, चांगल्या अवस्थेतल्या ओलिओग्राफलाही शौकीन गिऱ्हाईक असतं, पण कोटींच्या गप्पा नकोत.

सरकार जप्त करतं? नाही. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभरी ओलांडलेल्या चित्राची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी करायची असते. मालकी तुमचीच राहते, देशात विकताही येतं. सार्वजनिक ठिकाणी जतन करण्यासाठी सरकार एखादी वस्तू सक्तीने घेऊ शकतं, पण मोबदला देऊन.

मेसेजमधला शेवटचा सल्ला मात्र थेट तुरुंगाकडे नेणारा. 1979 पासून रविवर्मांची चित्रं राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर आहेत आणि भारतातली देशाबाहेर नेता येत नाहीत. चोरून नेली तर सहा महिने ते तीन वर्षं कैद, वर दंड. परदेशी लिलावात दिसतात ती आधीच बाहेर असलेली. आणि चांगल्या भावासाठी बाहेर कशाला जायचं? 2016 मध्ये मुंबईतच त्यांची चांदण्यातली राधा 20 कोटींच्या वर गेली.

मामा थोडा हिरमुसला. मग चित्र उचललं आणि खिडकीसमोरून काढून आतल्या भिंतीवर टांगलं. "तिथे दुपारचं ऊन येतं रे, रंग उडतात."