डोअर पॅडमागचा प्लास्टिकचा कागद फाडू नका

‘गाडीचे स्पीकर बदलायला दुकानात कशाला जाता?’ अशी सुरुवात असलेला एक मेसेज मला आतापर्यंत तिघांनी पाठवला. एक आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, एक कोथरूडच्या मावसभावाकडून आणि एक ऑफिसातून. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: काम दहा मिनिटांचं आहे. डोअर पॅडच्या, म्हणजे दाराला आतून लावलेल्या आवरणाच्या, कडेत स्क्रूड्रायव्हर घाला आणि जोर लावून ओढा. आतला प्लास्टिकचा कागद धुळीसाठी असतो, तो फाडून टाका. साडेसहा इंची कुठलाही स्पीकर बसतो. वायरी पिळून टेप मारा, उलटसुलट जोडल्या तरी चालतं. आणि वॅट जितके जास्त, तितका आवाज चांगला.

स्पीकर घरी बदलण्याला माझा विरोध नाही. तीन गाड्यांचे मी स्वतः, पार्किंगमध्ये चटई टाकून बदललेत. म्हणूनच हा मेसेज पावसाच्या तोंडावर फिरताना बघून राहवलं नाही.

सगळ्यात घातक ओळ कागदाची आहे, म्हणून तीच आधी घेतो. गाडीचं दार आतून कोरडं असतं असा आपला समज असतो. तसं ते नसतं, आणि बनवणाऱ्याने तसं धरलेलंही नसतं. काचेच्या बाहेरच्या अंगाला जी रबरी पट्टी असते ती पाणी पूर्ण अडवत नाही. पावसात काचेवरून ओघळणारं पाणी त्या पट्टीतून दाराच्या पोटात उतरतं आणि तळाशी असलेल्या बारीक भोकांतून बाहेर पडतं. आतल्या पत्र्याला मात्र मोटर, काच, लॉक बसवण्यासाठी हाताएवढी मोठी भोकं ठेवलेली असतात. त्या भोकांतून पाणी आपल्या बाजूला येऊ नये म्हणून तो कागद ब्यूटाइलने, म्हणजे काळ्या चिकट रबरी लगद्याने, चिकटवलेला असतो.

हे मला वाचून नाही, भोगून कळलं. पहिल्या गाडीचे स्पीकर मी एका दुकानातून बदलून घेतले होते. जुलैत ताम्हिणीहून परतलो आणि दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरच्या पायाखालची रबरी मॅट उचलली, तर खालचा गालिचा बोटाने दाबला की पाणी वर येत होतं. एसीचं पाणी असेल म्हणून त्याची नळी साफ करून घेतली. आठवड्याने परत तेच, वर कुबट वास. शेवटी डोअर पॅड काढलं. कागद जागेवर नव्हताच. कडेने ब्यूटाइलची काळी वेटोळी तेवढी उरली होती, तिच्यावर धूळ आणि केस चिकटलेले. पॅडची मागची बाजू फुगून पापडासारखी सुटली होती आणि नव्या स्पीकरच्या लोखंडी चौकटीवर गंज धरला होता.

तेव्हा कागद फाडू नका, सोलून काढा. हेअर ड्रायरने ब्यूटाइल कोमट करा, एका कोपऱ्यापासून हळूहळू उचला, हवा तेवढाच भाग मोकळा करा आणि काम झालं की तोच परत दाबून बसवा. फाटलाच तर जाड प्लास्टिक मापाने कापून ब्यूटाइलच्या पट्टीने लावा. खालची कड दाराच्या आत, पाणी ओघळून जाईल अशी राहिली पाहिजे.

कागदाचं आणखी एक कारण आहे, आणि ते पाण्याहून गंभीर आहे. काही गाड्यांमध्ये बाजूची धडक ओळखायला दाराच्या पोकळीत हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. पत्रा आत दबला की पोकळीतला दाब एकदम वाढतो आणि त्यावरून बाजूच्या एअरबॅगा उघडायच्या का ते ठरतं. अशा दारात भोकं उघडी ठेवली तर त्या सेन्सरला चुकीची माहिती मिळू शकते. दाराचा असा एअरबॅगांशी संबंध असू शकतो, तरी या मेसेजमध्ये बॅटरीचं नावही नाही. काम सुरू करण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा, काही मिनिटं थांबा, आणि कपलर (वायरी जोडणारे प्लास्टिकचे प्लग) सुटे असताना गाडी चालू करू नका.

आता ‘जोर लावून ओढा’. क्लिपा कडेने असतात हे खरं, पण आधी स्क्रू. हँडलच्या खाचेत, दार आतून उघडायच्या खटक्याच्या मागे, छोट्या प्लास्टिकच्या टोपीखाली ते लपलेले असतात. एक राहून गेला आणि ओढलं की पॅडच फाटतं. लोखंडी स्क्रूड्रायव्हरने रंगावर ओरखडा उठतो, त्याऐवजी प्लास्टिकची चपटी पट्टी वापरा. खालच्या कोपऱ्यातून सुरुवात करायची, एकेक क्लिप टक् करून सुटते, मग अख्खं पॅड वर उचलून काचेच्या कडेवरून सोडवायचं. लगेच बाजूला ओढू नका, मागे पॉवर विंडोचा कपलर आणि खटक्याची केबल अडकलेली असते. दोन-चार क्लिपा तुटणारच. डिसेंबरच्या सकाळी प्लास्टिक कडक असतं तेव्हा जास्त तुटतात. पुण्यात नाना पेठेत सुट्या मिळतात, आधीच आणून ठेवा.

साडेसहा इंच हे तोंडाचं माप झालं. मागे चुंबक किती खोल जातं ते कोण बघणार? काच खाली आली की ती थेट चुंबकावर आपटते. कपलर आणि बॅटरी तेवढ्यापुरती जोडून काच पूर्ण खाली घ्या, स्पीकर हातात धरून आधी अंतर बघा, कमी पडलं तर स्पीकरखाली स्पेसर रिंग, म्हणजे त्याला पुढे उचलणारी कडी, लावा.

पिळून टेप मारलेली वायर एप्रिलपर्यंत टिकते. उन्हात उभ्या गाडीच्या दारात टेपचा गोंद वितळून चिकचिकीत होतो आणि वळसे उघडे पडतात. मूळ कपलरला बसणारा तयार अ‍ॅडाप्टर घ्या, नाहीतर इलेक्ट्रॉनिक सामानाच्या तपकीर गल्लीतून हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी) आणून सांधा सोल्डर करा आणि तो त्या नळीने झाका. गाडीची मूळ वायर मात्र कापू नका. वॉरंटीच्या वेळी वाद तिथूनच सुरू होतो.

उलटसुलट जोडल्याने फरक पडत नाही, हे तर कानाने खोटं ठरतं. एका दाराचे प्लस-मायनस उलटे झाले की एक पडदा बाहेर येताना दुसरा आत जातो आणि खालचे सूर एकमेकांना खातात. तबल्याचा डग्गा दूर गेल्यासारखा वाटतो. दीड व्होल्टचा साधा सेल स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवा. पडदा बाहेर उसळला, तर सेलचं प्लस जिथे आहे तेच स्पीकरचं प्लस.

वॅटबद्दल एवढंच. स्टिरिओवर ‘५० गुणिले ४’ छापलेलं असलं तरी वेगळा अ‍ॅम्प्लिफायर नसेल तर सलग मिळतात ते साधारण १५ ते २० वॅट. त्यावर ३०० वॅटचा स्पीकर लावून काही हाती लागत नाही. खोक्यावर संवेदनशीलता बघा, म्हणजे दिलेल्या ताकदीत स्पीकर किती मोठा वाजतो ते. तेवढ्याच आवाजाला ९२ डेसिबलच्या स्पीकरला ८९ वाल्याच्या निम्मीच ताकद पुरते. आणि ओहम, म्हणजे स्पीकरचा विद्युतरोध, मूळ स्पीकरइतकेच घ्या, बहुतेक गाड्यांत ते ४ असतात.

पॅड परत ठोकून बसवण्याआधी एक गोष्ट करा. कपलर आणि बॅटरी जोडून काच वर घ्या आणि तांब्याभर पाणी बाहेरून काचेवर हळूहळू सोडा. दाराच्या तळातून ते ठिबकायला लागलं पाहिजे आणि कागदाच्या आपल्याकडच्या बाजूला हात फिरवला तर तो कोरडा निघाला पाहिजे. मगच क्लिपा दाबा.