एका मिनिटाच्या टेस्टवर एसएसडी अस्सल ठरत नाही

माझा भाचा लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करतो. परवा त्यानं एक फॉरवर्ड पाठवून विचारलं, “मामा, ही टेस्ट पास झालीय. शूटिंग ड्राइव्हवर कॉपी केलंय, आता कॅमेऱ्याची कार्डं फॉरमॅट करू ना?” फॉरवर्ड म्हणतो: पोर्टेबल एसएसडीवर (चिपमध्ये डेटा साठवणाऱ्या, खिशात मावणाऱ्या ड्राइव्हवर) 1 जीबीची स्पीड टेस्ट चालवा. सेकंदाला 1000 एमबी दिसले तर ड्राइव्ह अस्सल, 400 वर अडकली तर बनावट, परत करा. आणि टेस्ट एकदाच करा, नाहीतर ड्राइव्ह झिजते.

असलं काही पुढे ढकलण्याआधी लोक विचार का करत नाहीत? अशी टेस्ट करणारा क्रिस्टलडिस्कमार्क हा प्रोग्रॅम घ्या: तो 1 जीबीची फाइल लिहून-वाचून फक्त वेग सांगतो. बाकीची जागा खरोखर आहे का, हे तो बघतच नाही. बनावट ड्राइव्हचं फर्मवेअर, म्हणजे तिच्या आतलं सॉफ्टवेअर, बदललेलं असतं: आत 64 जीबी, कॉम्प्युटरला सांगते 2 टीबी. खरी जागा भरली की पुढचा डेटा जुन्यावर लिहिला जातो, नाहीतर हरवतो. एरर येत नाही. फोल्डरमध्ये फाइलींची नावं दिसतात, साइझही बरोबर दिसते, पण क्लिप चालत नाही. तोवर कार्डं कोरी झालेली असतात आणि कुणाची सप्तपदी पुन्हा शूट करता येत नाही. जागा तपासायची तर रिकाम्या ड्राइव्हवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा एफ3 हा प्रोग्रॅम चालवा. दोन्ही फुकट आहेत. ते अख्खी ड्राइव्ह भरतात आणि लिहिलेलं पुन्हा वाचून ताडतात. वेळ लागतो, लागू दे.

अस्सल ड्राइव्हचाही 1000 चा आकडा टिकेलच असं नाही. डेटा आधी ड्राइव्हमधल्या एसएलसी कॅश नावाच्या छोट्या, वेगवान भागात जातो. ती कॅश भरली की क्यूएलसी या स्वस्त, हळू लिहिणाऱ्या चिपची ड्राइव्ह पार हार्ड डिस्कच्या वेगावर येऊ शकते. आयफोन 15 प्रोवरून थेट ड्राइव्हवर 4के 60 प्रोरेझ (सेकंदाला 60 फ्रेमचा, खूप मोठ्या फाइलींचा व्हिडिओ) रेकॉर्ड करायला अ‍ॅपल सेकंदाला किमान 220 एमबीचा वेग मागतं. त्या वेगानं 1 जीबी पाच सेकंदांत संपतो. पुढच्या अर्ध्या तासाबद्दल ती टेस्ट काय सांगणार?

400 चं म्हणणं तर साफ चूक. कॉम्प्युटरचा यूएसबी पोर्ट 5 जीबीपीएसचा (सेकंदाला 5 गिगाबिटचा) असेल तर चांगली ड्राइव्हसुद्धा सेकंदाला 400-450 एमबीच देते. 30-40 वर अडकली तर संशय घ्यावा, एवढं मान्य. पण आधी केबल बदला. चार्जिंगच्या बऱ्याच सी-टाइप केबल आतून जुन्या, हळू यूएसबी 2 च्याच असतात.

लिहिण्यानं झीज होते, हे खरं. पण 1 टीबीची चांगली ड्राइव्ह शेकडो टीबी लिखाण सोसते. एकदा पूर्ण भरून बघितल्यानं काही बिघडत नाही. फक्त ते परतीची मुदत संपायच्या आत करा.