पाच फ्रँकचं फाटक

ब्रिएन्झ सरोवराच्या काठावर इझेल्टवाल्ड नावाचं गाव आहे. वस्ती जेमतेम चारशे. स्वित्झर्लंडमध्ये टून शहरात राहून मला चौदा वर्षं झाली आणि हे गाव आमच्या घरापासून तासाभरावर. तरी पहिली कित्येक वर्षं तिथं मुद्दाम जावं असं कधी वाटलं नाही. मग एका कोरियन मालिकेचा नायक तिथल्या छोट्याशा धक्क्यावर पियानो वाजवताना दिसला आणि गावाचं नशीब उघडलं. की फिरलं? गावकऱ्यांमध्येही यावर दोन तट आहेत. बसच्या बस भरून माणसं येऊ लागली. धक्क्यावर जायचं, हात पसरायचे, फोटो काढायचा, पुन्हा बस. शेवटी २०२३ मध्ये गावानं धक्क्याच्या तोंडाशी फिरतं फाटक बसवलं. पाच फ्रँक टाका, आत जा.

मी ही गोष्ट मामेभावाला फोनवर सांगितली तेव्हा तो आधी हसला. मग म्हणाला, "दादा, फाटक बसवायला गावाला कुणी परवानगी दिली?"

माझं आजोळ अकोले तालुक्यात, कळसूबाईच्या डोंगररांगेत. मे महिन्याच्या अखेरीपासून पाऊस स्थिरावेपर्यंत तिथं हिरडा, बेहडा, सादड्याच्या झाडांवर काजवे चमकतात. लहानपणी आम्ही ते अंगणातून बघायचो आणि झोपायला जायचो. त्यात बघण्यासारखं एवढं काय आहे, हे मामीला आजही कळत नाही. आता त्या तीन आठवड्यांत शनिवारी संध्याकाळी गावच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. पुण्या-मुंबईचे टेंटवाले हंगामापुरतं कुणाचं तरी वावर भाड्यानं घेतात, इन्स्टाग्रामवर बुकिंग करतात, माणशी दीड हजार लावतात. भाऊबंदांपैकी कुणाला भाड्याचे पैसे मिळतात, वहिनी-काकूंना भाकऱ्या थापायचं काम मिळतं, पोरांना गाड्या लावायचं. बाकी रक्कम रविवारी दुपारी त्याच गाड्यांतून घाट उतरते. सोमवारी गावात उरतात प्लॅस्टिकच्या प्लेटा.

रीलमध्ये दिसतात तसे काजवे प्रत्यक्षात दिसत नाहीत, हेही इथंच सांगून टाकतो. ते फोटो कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून, एकावर एक कितीतरी फ्रेम चढवून बनवलेले असतात; अर्ध्या तासातली लुकलुक एकाच चित्रात दिसते. माणूस ते बघून येतो, डोळ्यांना तेवढं दिसत नाही म्हणून गाडीचे दिवे लावतो, मोबाइलचा टॉर्च मारतो. काजव्याचा नर प्रकाशानं मादीला साद घालतो, ती साद दिव्यांच्या झोतात हरवते. गवतात बसलेल्या माद्या पायाखाली जातात ते वेगळंच. म्हणजे जे बघायला माणसं येतात तेच संपवून जातात, आणि त्याचीही रील होते.

पाऊस सुरू झाला की महाराष्ट्रात दरवर्षी ठरलेला वाद सुरू होतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भारानं कोसळला, चार जण गेले. अशा घटनांनंतर जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३, म्हणजे पूर्वीचं १४४. धबधबे बंद, धरणं बंद. एक बाजू म्हणते, बरं झालं, रीलवाल्यांनी उच्छाद मांडलाय. दुसरी म्हणते, कणसं भाजणाऱ्या मावशीच्या पोटावर पाय आला. दोघांचंही खरं आहे. मला खटकतं ते एवढंच की गर्दी झाली तेव्हा गावाला कुणी विचारलं नव्हतं, बंदी घातली तेव्हाही नाही. गर्दी फोनमधून येते आणि बंदी जिल्ह्याच्या ठिकाणाहून. गाव मधल्यामध्ये कणसं भाजतं.

परदेशात राहणाऱ्यानं 'आमच्याकडे बघा' म्हणायला सुरुवात केली की ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते, आणि पडलीच पाहिजे. इथल्या शेतकऱ्याला सरकार वर्षाला एकूण सुमारे २.८ अब्ज फ्रँक थेट अनुदान देतं. डोंगरउतारावर गाय चारली म्हणून पैसे, कुरण राखलं म्हणून पैसे. त्यामुळे पर्यटक हा त्याच्या भाकरीवरचा लोण्याचा गोळा असतो. आमच्याकडे भातशेतीनं वर्षाची तोंडमिळवणी होत नाही, म्हणून पर्यटकालाच भाकरी व्हावं लागतं. हा फरक विसरून केलेली तुलना म्हणजे सुट्टीवर आलेल्या पाहुण्याच्या गप्पा.

सोशल मीडिया वापरायची अक्कल मात्र या लोकांना आपल्या आधी आली. ग्राउब्युन्डेन प्रांतात ओबरमुटेन नावाची ऐंशीएक माणसांची वाडी आहे. २०११ मध्ये तिथल्या लोकांनी फेसबुकवर जाहीर केलं: आमच्या पानाला 'लाइक' करा, आम्ही तुमचा फोटो गावच्या सूचनाफलकावर लावू. फलक भरला, मग गोठ्यांच्या भिंती भरल्या. जगभरच्या वर्तमानपत्रांत नाव झालं. त्याच प्रांतातल्या बेर्ग्युन गावानं २०१७ मध्ये उलटी गंमत केली. गावसभेत ठराव करून फोटो काढायलाच बंदी घातली, दंड पाच फ्रँक, कारण काय तर आमचं सुंदर गाव फोटोत बघून ज्यांना येता येत नाही ते बिचारे दुःखी होतात! जाहिरातीचा नमुनाच तो. पुन्हा सगळीकडे बातम्या.

पण ओबरमुटेनची पुढची गोष्ट कुणी सांगत नाही. ती वाडी ज्या मुटेन ग्रामपंचायतीत होती ती २०१८ च्या पहिल्या दिवशी शेजारच्या थुझिसमध्ये विलीन झाली. वेगळा कारभार चालवावा एवढं बळ तिच्यात उरलं नव्हतं. हजारो चेहरे गोठ्यावर लावून झाले, गाव मात्र चालेना. 'आमचं गाव व्हायरल करून द्या' म्हणणाऱ्या प्रत्येक सरपंचाला मी हे ऐकवीन.

स्विस खेड्यांना खरा पैसा मिळतो तो व्ह्यूजमधून नव्हे, मुक्कामातून. रात्र काढणाऱ्या प्रत्येक पाहुण्याकडून कुरटाक्से नावाचा कर घेतात. बिलात वेगळी ओळ असते, थोडेच फ्रँक, पण ते पाहुण्यांच्याच सोयीसाठी खर्चावे लागतात: वाटा, बाकं, पाट्या. पुष्कळ ठिकाणी त्या बदल्यात पाहुण्याला कार्ड मिळतं आणि बस फुकट होते, म्हणजे गाडी आणायचं कारणच उरत नाही. देशभरात सुमारे ६५ हजार किलोमीटरच्या पायवाटांवर पिवळ्या पाट्या आहेत. अनोळखी माणसाला गाइडशिवाय, गुगलशिवाय चालता येतं. आणि बहुतेक गावांत वापरण्याजोगं स्वच्छतागृह. आजोळी माझी बायको पहिल्यांदा आली तेव्हा काजव्यांपेक्षा तिचं लक्ष याच एका चौकशीकडे होतं. ट्रेकला येणाऱ्या मुलींचंही असतं, त्या बोलत नाहीत एवढंच.

एका दिवसासाठी येणारा पर्यटक कुठल्याच देशात गावाला परवडत नाही. ऑस्ट्रियातलं हालश्टाट घ्या. आठशेच्या आत वस्ती, हंगामात एका दिवसात दहा हजारांपर्यंत माणसं. २०२० मध्ये त्यांनी बसगाड्यांना वेळ ठरवून देणं सुरू केलं. तरी २०२३ च्या ऑगस्टमध्ये गावकऱ्यांनी बोगद्याशी रस्ता अडवला. त्याच वर्षी सेल्फीच्या जागेसमोर लाकडी कुंपण घातलं, मग ओरड झाली म्हणून काढलं. अशा फजित्या श्रीमंत देशातही होतात. शहाणपण एकदम येत नाही, फक्त चूक सुधारायचा हक्क गावाकडे असावा लागतो.

"आपल्याकडे लोक ऐकत नाहीत" हे मला पटत नाही. कासचं पठार २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलं, गर्दी फुलांवर बसू लागली, तेव्हा ऑनलाइन बुकिंग आलं, दिवसाच्या माणसांवर मर्यादा आली, प्रवेशशुल्क आलं, आणि आसपासच्या गावांच्या वन व्यवस्थापन समित्या राबू लागल्या. कुरकुर करत का होईना, लोक तिकीट काढून जातात. मंडणगड तालुक्यातलं वेळास याहून चांगलं. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र'नं २००२ मध्ये तिथं कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, काही वर्षांनी कासव महोत्सव आला. तिथं आधी राखण झाली, पर्यटक नंतर. पाहुणे गावकऱ्यांच्या घरात उतरतात, घरचं जेवतात, आणि पिल्लं समुद्राकडे कधी निघायची ते पिल्लं ठरवतात. दोरीच्या अलीकडे उभं राहायचं, नाहीच दिसली तर सकाळी पुन्हा यायचं. बाळबोध वाटेल, पण या 'पुन्हा यायचं'मध्येच एका रात्रीचं भाडं आणि दोन जेवणं आहेत.

कोकणाचा विषय निघालाच आहे तर माझ्या काळजीचं मुख्य कारण सांगतो. ते गर्दी नव्हे, जमीन. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. आज माझ्या फोनवर तिथल्या समुद्राच्या दहा रील आल्या तर त्यातल्या तीन प्लॉट विकणाऱ्या असतात. 'एनए प्लॉट, हप्त्यानं, समुद्र पाच मिनिटांवर.' आणि त्या बघणाऱ्यांत आम्ही परदेशातले सगळ्यात पुढे. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत या प्लॉटांचीच चर्चा असते. वर्षातून आठ दिवस उघडणारं घर हवं, मागे आंबा हवा, पुढे समुद्र हवा. गावाला त्यातून काय मिळतं? एकदाच मिळालेली रक्कम, एक राखणदार आणि कुलूप. स्विस लोकांना हा अनुभव आधीच आला होता. रात्री दिवे न लागणाऱ्या घरांनी डोंगरातली गावं भरली, स्थानिक पोरांना भाड्यानं खोली मिळेना. ११ मार्च २०१२ ला देशभर मतदान झालं आणि अगदी थोडक्या फरकानं ठरलं की कुठल्याही गावात अशी दुय्यम घरं वीस टक्क्यांच्या वर जाऊ द्यायची नाहीत. डोंगरातल्या बांधकामवाल्यांनी बोंब मारली. अजूनही मारतात, लाउटरब्रुनेनसारख्या ठिकाणी तरीही स्थानिकांना घर मिळणं सोपं झालेलं नाही. पण निदान प्रश्न कुणाला घर हवंय हा आहे, समुद्र किती मिनिटांवर हा नाही.

आता १२ किल्ले जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले ११ महाराष्ट्रातले. अभिमान वाटला, मीही स्टेटस ठेवलं. पण राजगडाच्या किंवा साल्हेरच्या पायथ्याच्या घरांना यातून काय मिळणार, हे कुठल्या आयएएस अधिकाऱ्याच्या भाषणात नाही, पायथ्याशी पार्किंगची पावती कुणाच्या नावानं फाटते यात ठरणार आहे. ठेकेदाराच्या, खात्याच्या की गावाच्या? १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात यात्रेकरूंवर कर बसवायची तरतूद आहे. राज्यानं २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरणही आणलं. कागद आहेत. मामेभावाच्या गावात रस्ता सार्वजनिक बांधकामचा, जंगल वन खात्याचं, वावर भाऊबंदांचं आणि झाड कुणाचं यावर दोन पिढ्यांचा दावा. काजवे तेवढे कुणाचेच नाहीत.

मागच्या महिन्यात त्याचा पुन्हा फोन आला. ग्रामसभेत दाखवायला त्या फाटकाचा फोटो हवा होता. शनिवारी मी बस पकडून इझेल्टवाल्डला गेलो, फाटकाचा समोरून, बाजूनं, पैसे टाकायच्या फटीचा असे फोटो काढले. मागं रांगेत उभी असलेली एक मुलगी गोंधळून माझ्याकडे बघत होती; सरोवराकडे पाठ करून लोखंडाचे फोटो काढणारा तिनं पहिलाच पाहिला असेल.

फोटो पाठवल्यावर मामेभावानं विचारलं, "पाच फ्रँक म्हणजे किती?"

"पाचशे रुपये धर."

"बाबो. आपण गाडीला पन्नास घेऊ. टेंटवाल्याला वेगळा भाव. आणि रात्री आठनंतर गाडी आत सोडायची नाही, पोरं माणसांना पायी नेतील. टॉर्चला लाल कागद." एवढं त्यानं एका दमात सांगितलं, म्हणजे ठरवून ठेवलेलंच होतं.

परवा विचारलं, काय झालं ग्रामसभेत. ठराव झाला म्हणे, टाळ्यांच्या गजरात. पावतीपुस्तकाचा नमुनाही अकोल्याच्या छापखान्यातून आला आहे. वर शिक्का ग्रामपंचायतीचा मारायचा की वन समितीचा, एवढं ठरायचं राहिलंय. काजव्यांना अजून सात महिने आहेत.