परिचारिका घडवणे पुरेसे नाही, त्या टिकल्या पाहिजेत

परिचारिका परदेशी निघून जातात, पूर्वीचा सेवाभाव उरलेला नाही, तेव्हा नवी महाविद्यालये काढावीत आणि शिक्षण संपताच सक्तीचा बाँड, म्हणजे ठरावीक काळ इथेच नोकरी करण्याचे बंधन, लावावा, म्हणजे टंचाई मिटेल, असे सांगणारा मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे.

त्या परदेशी जातात हे खरे आहे. परंतु कुशल मनुष्यबळ पाठवण्यासाठी खुद्द महाराष्ट्र शासनानेच फेब्रुवारी 2024 मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला आणि त्यात परिचारिकाही आहेत. मग जाणाऱ्या मुलीला दोष कोणत्या तोंडाने द्यायचा? बाँडचे म्हणाल, तर तो मुदतीपुरताच अडकवतो, आणि हाताला अनुभव आला की नेमकी तेव्हाच ती बाहेर पडते.

2023 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 157 नवी नर्सिंग महाविद्यालये जाहीर झाली, याचे स्वागतच आहे. मात्र देशात 33 लाखांहून अधिक नर्सिंग कर्मचाऱ्यांची नोंदणी असूनही वॉर्ड रिकामे राहतात, कारण नोंदणी झालेली प्रत्येक जण नोकरीत नसते. वेतनाचेच पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने 2016 मध्ये 50 पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांतही दरमहा किमान 20,000 रुपये, तर 200 हून अधिक खाटांच्या रुग्णालयांत शासकीय परिचारिकेइतके वेतन सुचवले होते. अनेक लहान रुग्णालयांत आजही तेवढे वेतन मिळत नाही.

सेवाभावाचा आरोप तर सर्वांत अन्यायकारक आहे. चाळीस रुग्णांच्या वॉर्डात रात्री एकच सिस्टर असेल आणि प्रत्येकाच्या इंजेक्शन-सलाईनला तिने सहा मिनिटे दिली, तर एका फेरीलाच चार तास जातात. त्यात मध्येच कुणाला धाप लागली, कुणाचे नातेवाईक अंगावर धावून आले, शिवाय सकाळी ओव्हर देण्याआधी, म्हणजे पुढच्या पाळीकडे काम सोपवण्याआधी, सगळ्या नोंदी पूर्ण हव्यात. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील 168 रुग्णालयांच्या 2002 मधील अभ्यासात परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेनंतर 30 दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता 7 टक्क्यांनी, तर परिचारिका कामाने पुरती खचण्याची शक्यता 23 टक्क्यांनी वाढलेली दिसली. हा भार सेवाभावाच्या उपदेशाने हलका होत नाही.

मे 2022 मध्ये राज्यातील शासकीय परिचारिका संपावर गेल्या, त्या बाह्यस्रोतामार्फत होणाऱ्या कंत्राटी भरतीला विरोध करण्यासाठी. टंचाईवर तळमळीने बोलणाऱ्यांनी आधी तीच मागणी उचलून धरावी: मंजूर पदे कायमस्वरूपी भरा आणि 2016 च्या वेतनशिफारशींना कायद्याचे बळ द्या.