फ्राक्टूर हे नाझींचं अक्षर नव्हे

'जर्मन गॉथिक अक्षरवळण हिटलरने आणलं, नाझींनी ते शेवटपर्यंत मिरवलं, शिवाय ते वाचताही येत नाही. म्हणून आज कुठल्याही डिझायनरने ते वापरू नये,' असा मजकूर वारंवार पुढे ढकलला जातो. त्यातलं एकेक विधान तपासू.

हिटलरने आणलं? गुटेनबर्गने माइन्त्समध्ये 1455च्या सुमारास छापलेलं 42 ओळींचं बायबल टेक्स्टूरा या गॉथिक वळणातच आहे. फ्राक्टूर हा गॉथिकचाच एक प्रकार, पण त्यानंतरचा. सम्राट पहिल्या माक्सिमिलियनसाठी 1513मध्ये छापलेल्या प्रार्थनापुस्तकात फ्राक्टूरची सुरुवात दिसते. पुढची चारशे वर्षं जर्मन पुस्तकं आणि वर्तमानपत्रं प्रामुख्याने याच वळणात निघत होती.

शेवटपर्यंत मिरवलं? हे तर साफ चूक आहे. सत्तेच्या पहिल्या वर्षांत नाझींनी गॉथिकला 'जर्मन लिपी' म्हणून डोक्यावर घेतलं, हे खरं. टानेनबर्गसारखे ताठ, वळसे छाटलेले टाइप त्याच काळातले, आणि पोस्टरांवर बहुतेकदा तेच दिसतात. पण 3 जानेवारी 1941 रोजी नाझी पक्षाचा वरिष्ठ अधिकारी मार्टिन बोरमान याच्या सहीने परिपत्रक निघालं. गॉथिक अक्षरं मुळात ज्यूंची, असा निराधार आरोप त्यात होता, आणि यापुढे रोमन वळणच (आज इंग्रजी पुस्तकांत दिसतं ते) वापरावं असा हुकूम. गंमत नव्हे, पुरावा म्हणून सांगतो: त्या परिपत्रकाचं छापील लेटरहेडच गॉथिकमध्ये होतं. त्यानंतर शाळांमधून आणि सरकारी छपाईतून हे वळण हटवण्यात आलं. म्हणजे ज्या राजवटीच्या नावाने आपण या अक्षरावर बहिष्कार घालतो, तिनेच त्यावर बंदी घातली होती. आजचे नवनाझी ते गोंदवून घेतात म्हणून सावधगिरी जरूर हवी, पण चार शतकांचा वारसा त्यांच्या नावावर का करून द्यायचा?

वाचता येत नाही? सवय नसलेल्याला मोडीही वाचता येत नाही. तिच्यात मराठी राज्याचे दफ्तर शतकानुशतके चालले. गॉथिक हे रुंद टोकाच्या लेखणीचं वळण आहे: गोलाईऐवजी मोडलेले फटकारे, जाड-बारीक रेषांचा ठळक फरक, दाट ओळ. अडखळायला होतं ते मोजक्या ठिकाणी. शब्दाच्या आत येणारा लांब 'एस' हा 'एफ'सारखा दिसतो, आणि काही कॅपिटल अक्षरं एकमेकांशी फार मिळतीजुळती आहेत. एवढं ध्यानात ठेवलं की थोड्या सरावाने डोळा रुळतो.

वापर? 'न्यूयॉर्क टाइम्स' आणि 'ल माँद' या वर्तमानपत्रांची नावं पहिल्या पानावर आजही गॉथिक वळणात असतात. मात्र वेबसाइटवरचे लांब परिच्छेद यात लावू नयेत. आजच्या वाचकाला ती सवय उरलेली नाही. आणि सगळा शब्द कॅपिटलमध्ये तर कधीच नको. ती अक्षरं रुंद, वळसेदार असतात, मागे लहान अक्षरांची रांग येणार हे धरूनच घडवलेली. छातीवर गोंदवताना किंवा टी-शर्टवर सलग कॅपिटल लावली की शब्दाचा गुंता होतो, आणि दोष उगाच टाइपला लागतो.