लगेच बोलतं करू नका, असं का म्हणालो

ताई, अपघातातून वाचलेल्यांना लगेच बोलतं करू नये हे माझ्या लेखातलं म्हणणं तुम्हाला बेजबाबदार वाटलं. 'मनात साठलं की कुजतं,' असं तुम्ही लिहिलंय. मीही कित्येक वर्षं तसंच समजत होतो.

चोर्ला घाटात आमची बस कलंडली, त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्हा प्रवाशांना एका हॉलमध्ये गोल करून बसवलं आणि काय पाहिलं, काय वाटलं ते एकेकाला सांगायला लावलं. माझ्या शेजारी केरीची एक आजी होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती एवढंच म्हणाली, 'म्हाका घरा वचपाचें आसा,' म्हणजे मला घरी जायचंय. तरी तिला पुन्हा विचारलंच. आदल्या रात्री मी गाढ झोपलो होतो. त्या रात्री मात्र इतरांनी सांगितलेलं सगळं डोळ्यांपुढे येत राहिलं.

माझी झोप हा काही पुरावा नव्हे, मान्य. पण ही पद्धत 1983मध्ये जेफ्री मिचेल यांनी मांडली ती अग्निशमन दलासारख्या, संकटात धावून जाणाऱ्यांसाठी. पुढे ती सरसकट सगळ्यांवर वापरली गेली. 1997मध्ये ब्रिटनमधल्या 133 भाजलेल्या रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. 13 महिन्यांनी, बोलतं केलेल्यांपैकी 26 टक्क्यांना पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर त्याच्या आठवणी छळत राहण्याचा मानसिक आजार, होता, बाकीच्यांत 9 टक्क्यांना. आता तुमच्या बाजूचा मुद्दा: पहिल्या गटातले रुग्ण मुळातच जास्त भाजले होते. हे माझ्या लेखात यायला हवं होतं, राहिलं. त्यामुळे बोलण्यानंच बिघडलं असं छातीठोक सांगता येणार नाही. मात्र अशा अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या, कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेच्या आढाव्यातही त्या एका बैठकीचा फायदा दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेची 2011ची पुस्तिकाही पाणी द्या, घरच्यांशी गाठ घालून द्या, बोलला तर ऐका, खोदून विचारू नका, असंच सांगते.

बाइकच्या अपघातातून वाचलेल्या तुमच्या भाच्याची गोष्ट वेगळी. पीटीएसडीचं निदानच महिना उलटल्याशिवाय करत नाहीत, आणि त्याला तर वर्ष झालंय. इथे मात्र जाणकार माणसासोबत त्या आठवणीत पुन्हापुन्हा जाणं, हाच चांगला पुरावा असलेला उपचार आहे. त्याला गोव्यात बांबोळीच्या मानसोपचार रुग्णालयात दाखवा. शेजारी 'पिशांचें (वेड्यांचं) हॉस्पिटल' म्हणतील, म्हणू देत. तोवर 'बाइकवर बस' म्हणून घरच्यांनी त्याच्या मागे लागू नये. ते तिथे पायरीपायरीनं करून घेतात.